मैत्रिणी घरी यायच्या आहेत!

दोस्तहो,

मध्यंतरी एक पत्र आलं. आठवीतल्या मुलीचं. वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरात लिहिलेलं. तिचं नाव सांगत नाही, कारण तिनं तसं बजावलंय. पण पत्रातला मजकूर मात्र सांगते. तो वाचून तुमच्यापैकी कितीतरी जणांना वाटेल, अरे, हे तर आपलंच पत्र!

ती लिहिते, ‘ताई, आमचं घर दोन खोल्यांचं आहे. बाहेरच्या खोलीत आजीची कॉट, कॉटखाली तिची ट्रंक, कपाट, टीव्ही, भावाची सायकल आणि खुर्चीवर कायम कपड्यांचा ढीग. माझ्या वाढदिवसाला मैत्रिणी म्हणाल्या, तुझ्या घरी येतो. मी खोटंच सांगितलं, आम्ही गावाला चाललोय म्हणून. पण आता त्या पुन्हा विचारताहेत. पुढच्या रविवारी बोलवायचं ठरवलंय. आईकडे खर्चाला पैसे नाहीत, तरी घर छान दिसायला हवं. मी असं ठरवलंय की त्या दिवसापुरती आजीची कॉट स्वयंपाकघरात हलवायची, म्हणजे बाहेरची खोली मोकळी दिसेल. आणखी काय काय करू?’

पत्र वाचून मी जरा वेळ गप्पच बसले. मग उत्तर लिहायला घेतलं. तिला जे लिहिलं, तेच आज तुम्हालाही सांगते. फक्त एक अट. वाचून झाल्यावर मासिक बाजूला ठेवून द्यायचं नाही, निदान एक तरी गोष्ट करून पाहायची. कबूल?

आधी एक गोष्ट पक्की करू

आजीची कॉट हलवायची नाही! घर सजवताना नको त्या वस्तू काढतात, माणसं नाही. आणि आजीला सगळं कळतं बरं का. नात आपली कॉट का सरकवतेय, हे तिला सांगावं लागत नाही. त्या दिवशी ती काही बोलणार नाही. पण स्वयंपाकघरात बसून बाहेरचं हसणं ऐकताना तिला काय वाटेल, याचा विचार करा.

शिवाय, घर लहान म्हणजे वाईट, असं कुणी सांगितलं? मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींमध्ये एकेक खोली १६० चौरस फुटांची होती. म्हणजे साधारण दहा फूट बाय सोळा फूट! तेवढ्यात अख्खं कुटुंब राहायचं, गावाहून आलेला पाहुणाही मावायचा. कसं जमायचं हे? सकाळी उठल्याबरोबर गाद्यांच्या वळकट्या व्हायच्या आणि भिंतीला लागायच्या. दिवसभर टेकून बसायला त्याच वळकट्या! सामान ट्रंकेत, ट्रंक कॉटखाली, डबे फळीवर. एकच खोली सकाळी स्वयंपाकघर, दुपारी अभ्यासिका आणि रात्री झोपायची खोली व्हायची. जमीन मोकळी ठेवली की लहान खोलीही मोठी होते, हे त्या माणसांना चांगलं ठाऊक होतं. आपणही तिथूनच सुरुवात करू या.

पहिला दिवस : काढा!

दारात उभे राहा, जणू तुम्हीच पाहुणे आहात. घरात मोबाइल असेल तर त्यावर खोलीचा एक फोटो काढा. रोज पाहून पाहून आपल्या डोळ्यांना पसारा दिसेनासा होतो. फोटोत मात्र तो लगेच दिसतो. टीव्हीवर ठेवलेला कंगवा, खिडकीतली रिकामी बाटली, खुर्चीवरचे कपडे, लोंबणाऱ्या चार्जरच्या वायरी, सगळं सगळं!

आता तीन ढीग करा. पहिला ‘ठेवायचं’, दुसरा ‘द्यायचं’ आणि तिसरा ‘विचारायचं’. हा तिसरा ढीग सर्वांत महत्त्वाचा. जी वस्तू आपली नाही, ती आपल्याला कितीही निरुपयोगी वाटली तरी मालकाला विचारल्याशिवाय टाकायची नाही. बाबांच्या कपाटावरचा बंद पडलेला रेडिओ कदाचित त्यांच्या पहिल्या पगारातला असेल. धाकट्या भावाच्या खोक्यातले दगड तुम्हाला दगड दिसतात, पण त्याच्या लेखी तो खजिना असतो. विचारा, ऐका आणि मग ठरवा.

रद्दी मात्र खुशाल काढा. वर्तमानपत्रं, जुन्या वह्यांची कोरी पानं काढून उरलेले पुठ्ठे, खोकी. रद्दीवाल्याकडून जे पैसे मिळतील, ते आपलं भांडवल. एवढ्यातच सगळं भागवायचं, असं ठरवलं की डोकं भराभर चालतं!

भावाची सायकल घरात ठेवणं भाग असेल तर ती भिंतीला चिकटून, एकाच ठरलेल्या जागी उभी करा. वस्तूला ठरलेली जागा मिळाली की तिचा पसारा वाटत नाही. खुर्चीवरच्या ढिगाचं औषधही हेच. दाराच्या मागे चार खुंट्या आणि प्रत्येकाची एकेक खुंटी. ज्याचा शर्ट जमिनीवर, त्यानं त्या दिवशी सगळ्यांची पानं घ्यायची!

दुसरा दिवस : उजेड आत घ्या

उजेड फुकट असतो, पण आपणच तो अडवतो. खिडकीसमोर कपाट किंवा उंच खुर्ची असेल तर मोठ्या माणसांच्या मदतीनं ती बाजूला घ्या. काचा पुसा. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओल्या फडक्यानं पुसायचं आणि मग जुन्या वर्तमानपत्रानं कोरडं करायचं. काच लख्ख होते. खिडकीच्या बाहेर मात्र अजिबात वाकायचं नाही. बाहेरची बाजू मोठ्यांची! ट्यूबलाइट किंवा बल्बवरची धूळसुद्धा बराच उजेड खाते. बटण बंद करून, बल्ब थंड झाल्यावर बाबांकडून किंवा आईकडून कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.

घरात आरसा आहेच. तो अंधाऱ्या कोपऱ्यात टांगलेला असेल तर खिडकीच्या समोरच्या किंवा आडव्या भिंतीवर लावून पाहा. खिडकीतला उजेड आरशावर पडून खोलीत परत येतो आणि खोली जरा खोल वाटते. फक्त दोन गोष्टी सांभाळा. आरशातून ऊन थेट कुणाच्या डोळ्यांवर यायला नको आणि कॉटच्या बरोबर वर आरसा टांगायचा नाही.

नवा बल्ब घ्यायचाच असेल तर नऊ वॅटचा एलईडी पुरतो. जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बएवढा उजेड तो सहज देतो आणि वीज खातो कितीतरी कमी. अभ्यासाची जागा ठरवताना एक साधी युक्ती लक्षात ठेवा. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा आणि डावखुऱ्याला उजवीकडून. म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही.

तिसरा दिवस : एक साडी आणि थोडं गणित

खिडकीला नवा पडदा हवाय? आईला विचारा, जुनी सुती साडी आहे का. ‘विचारा’ म्हटलंय हं, परस्पर कात्री चालवायची नाही! कदाचित आई म्हणेल, ‘ही नको, ही तुझ्या बारशाची आहे.’ मग ती साडी तशीच ठेवायची आणि बारशाची गोष्ट मात्र ऐकून घ्यायची.

आता गणित. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट लांब असते आणि तिचा पन्हा सुमारे पंचेचाळीस इंच. समजा, तुमची खिडकी चार फूट उंच आणि चार फूट रुंद आहे. वरची शिवण आणि खालची दुमड धरून पडद्याला पाच फूट लांबी हवी. साडीचे पाच-पाच फुटांचे दोन तुकडे कापा. दोन तुकड्यांची मिळून रुंदी झाली नव्वद इंच, म्हणजे साडेसात फूट. खिडकीच्या जवळजवळ दुप्पट! पडद्याला छान चुण्या पडायला एवढं कापड लागतंच. आणि असं कापलं की साडीचे काठ उभे येतात, वेगळी झालर लावायला नको. वरच्या बाजूला परकराच्या नेफ्यासारखी पट्टी दुमडून शिवा आणि त्यातून पडद्याची तार किंवा दांडी ओवा. झाला पडदा!

तरीही आठ फूट साडी उरलीच की. त्यात उशांचे अभ्रे होतील. पडदा आणि अभ्रे एकाच कापडाचे झाले की खोलीला आपोआप मेळ येतो. दुकानात याचेच पैसे घेतात! हिवाळ्यातली पांघरुणं कुठं ठेवायची हा प्रश्न असेल तर तीच घट्ट गुंडाळून अभ्य्रात भरा. टेकायला लोड तयार. मात्र गॅसच्या शेगडीजवळच्या खिडकीला पडदा लावू नका, कुठल्याच कापडाचा.

चौथा दिवस : भिंत बोलू द्या

भिंतीवर काय लावायचं? बाजारातलं मोठं चित्र हवंच असं नाही. आपल्या महाराष्ट्रातच केवढं मोठं चित्रांचं घर आहे! पालघर जिल्ह्यात, डहाणू-जव्हारच्या भागात वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या घरांच्या भिंती रंगवत आले आहेत. शेणामातीनं सारवलेली किंवा गेरूनं लाल केलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, तो धरून राहावा म्हणून त्यात डिंक आणि कुंचला म्हणून टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. साहित्य एवढंच! लग्नाच्या वेळी भिंतीवर देवीचा चौक काढण्याचा मान पूर्वीपासून बायकांचा. पुढं १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी रोजच्या जगण्याची चित्रं कागदावर आणि कापडावर काढायला सुरुवात केली आणि ही कला जगभर पोचली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपण भिंत खराब न करता कागदावर काढू. साहित्य : वह्यांना घालायचा खाकी कागद, पांढरा पोस्टर कलर आणि बारीक ब्रश. (तांदळाचं पीठ वापरू नका, मुंग्या आणि झुरळं जेवायला येतील!) माणूस काढायचा म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून. वर गोल डोकं, बाजूला काड्यांसारखे हातपाय. लग्नाचा चौक हा पूजेचा असतो, तो शोभेला काढू नका. तुम्ही तुमचंच घर काढा ना! पोळ्या लाटणारी आई, सायकलवरचा भाऊ, कॉटवर बसलेली आजी, खिडकीतली चिमणी.

भाड्याच्या घरात खिळे ठोकता येत नसतील तर जुन्या दोन हुकांमध्ये सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं अडकवा. दर महिन्याला बदलता येतील. आणि उंची? बहुतेक घरांत चित्रं छताजवळ टांगलेली असतात, मान वर करकरून पाहावी लागतात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर यायला हवा. जिथं सगळे खाली बसतात, तिथं आणखी खाली लावा.

पाचवा दिवस : हिरवा पाहुणा

शेजाऱ्यांकडून मनीप्लांटची एक फांदी मागून आणा. जिथून पान फुटतं ती गाठ नीट पाहा. मुळं तिथूनच येतात. निदान एक गाठ पाण्यात बुडेल अशी फांदी काचेच्या बाटलीत ठेवा. खालची पानं काढून टाका, नाहीतर ती पाण्यात कुजतात. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसू लागतील. विज्ञानाचा प्रयोग आणि सजावट, दोन्ही एका बाटलीत!

पण एक काम न चुकता करायचं. चार-पाच दिवसांनी पाणी बदलायचं आणि बाटली आतून घासायची. डेंगी पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात, काठाशी अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आपण त्याआधीच पाणी बदलायचं. घरात रांगतं बाळ असेल तर बाटली उंचावर ठेवा. मनीप्लांटची पानं चावली तर तोंडाची आग होते.

सहावा दिवस : आजीचा कोपरा

आता ज्या कॉटपासून सुरुवात झाली, तिच्याकडे वळू. ती लपवायची नाही, उलट खोलीतली सर्वांत छान जागा करायची. आजीकडे गोधडी असेलच. ट्रंकेत तळाशी असेल तर तिला विचारून बाहेर काढा, ऊन दाखवा आणि कॉटवर पसरा. गोधडीचे रंग एवढे असतात की दुसरी चादर आणायला नको.

मग कॉटवर आजीसारखे पाय वर घेऊन बसा आणि बघा, तिला काय दिसतं, कुठवर हात पोचतो. दिव्याचं बटण लांब आहे का? रात्री उठताना तिला अंधारात चाचपडावं लागतं का? मग तिथं छोटा रात्रीचा दिवा लावा. कॉटपासून दारापर्यंतची वाट मोकळी आहे ना? वायर आडवी येत असेल तर भिंतीच्या कडेनं घ्या. घसरणारं पायपुसणं असेल तर ते उचला. म्हातारी माणसं घरातल्या घरात पडतात ती अशाच गोष्टींमुळे. औषधांचा डबा, चष्मा आणि पाण्याचा तांब्या यांच्यासाठी हाताशी एक स्टूल ठेवा. एका जुन्या डब्याला उरलेलं साडीचं कापड चिकटवलं की औषधांचा डबाही देखणा होतो.

हे सगळं केलंत की तुमच्या लक्षात येईल, खोली नुसती चांगली दिसत नाही, तिथं राहणंही सोपं झालंय. मैत्रिणी दोन तासांनी जातील. आजी तर रोज तिथंच असते.

आणि रविवार

पाहुणे यायच्या आधी फक्त दहा मिनिटं द्या. चपला एका रांगेत. उंबऱ्यापाशी पाच-सात ठिपक्यांची छोटीशी रांगोळी. पाण्याचा तांब्या आणि पेले भरून तयार. खाली अंथरायला सतरंजी. बस्स! घरात आल्यावर माणूस आधी वस्तू बघत नाही. आपलं येणं यांना आवडलंय की नाही, हे तो बघतो.

असं सगळं लिहून मी पत्र पाठवलं. नंतर तिचं दुसरं पत्र आलं. तेही थोडक्यात सांगते.

पडदा एका बाजूनं दोन बोटं आखूड झाला. मनीप्लांटची बाटली भावानं शनिवारीच फोडली, म्हणून फांदी स्टीलच्या पेल्यात गेली. वारली चित्रातली आई पोळ्या लाटतेय की दळण दळतेय, ते कुणालाच कळलं नाही. चार मैत्रिणी आल्या. त्यातली एक आजीच्या गोधडीवर बसली आणि विचारत सुटली, हा तुकडा कशाचा, तो तुकडा कशाचा? आजीनं सगळं सांगितलं. आजोबांचा सदरा कुठला, आत्याचं परकर-पोलकं कुठलं. नातीला त्यातलं निम्मं माहीतच नव्हतं!

आणि निघताना एक मैत्रीण हळूच म्हणाली, ‘पुढच्या वेळी माझ्याकडे या. पण आमचं घर एकाच खोलीचं आहे हं, चालेल ना?’

पत्राच्या शेवटी ती लिहिते, ‘ताई, मी इतके दिवस माझ्याच घराचा विचार करत होते. मीसुद्धा कुणाच्या घरी कधी गेले नव्हते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि आजीला मी कॉटबद्दल सगळं खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, मला माहीत होतं. मग तिनं मला लाडू दिला.’

काय, मग? तुम्ही कधी बोलावताय मित्रमैत्रिणींना? खोली मोजा, साडी मागा (विचारून!), सुतळी बांधा. काय काय जमलं आणि काय काय फसलं, ते जरूर लिहून कळवा. फसलेलं आधी लिहा, ते वाचायला जास्त मजा येते!

चला तर, लागा कामाला!

तुमची,
ताई